उणे एकशे दहा

धप् असा आवाज झाला, एवढंच. गाडीच्या उजव्या अंगाला काहीतरी लागलं आणि उजवा आरसा मिटून आत आला. फान रुईछिन नदीच्या बांधावरच्या रस्त्याने चूतुंग गावाहून शिनचू शहरात कामावर निघाली होती, रोज निघते तशीच. ऑक्टोबरचा वारा सुटला होता, आणि त्या वाऱ्यात बांधावर काय काय उडत असतं हे त्याच वाऱ्यात एकोणपन्नास वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पुठ्ठे उडतात, निवडणुकीचे कापडी फलक उडतात, नदीपात्रातल्या भाजीच्या वाफ्यांवरची जाळी खुंट्यांसकट उडते. तिने वरच्या आरशात पाहिलं. मागे रस्त्याच्या कडेला काहीतरी निळं फडफडत होतं. ताडपत्री, असं तिचं मन म्हणालं, आणि इतक्या चटकन म्हणालं की पाय ब्रेककडे गेलाच नाही. पुढे वळण होतं, वळणानंतर पूल होता, पुलावर मागची गाडी भोंगा वाजवत होती, आणि पूल ओलांडेपर्यंत ती ताडपत्री ताडपत्रीच राहिली. सिग्नलला मात्र तिने, इथे चालक डावीकडे बसतो म्हणून, शेजारच्या सीटवर आडवं होऊन उजवी काच खाली केली, हात बाहेर काढून आरसा जागेवर ढकलला, आणि तो ढकलायला किती जोर लागतो ते तिला जाणवलं. ताडपत्रीला एवढा जोर असतो का?

कंपनीच्या तळघरात गाडी लावल्यावर ती लगेच उतरली नाही. इंजिन चालू होतं. काचेच्या वरच्या कोपऱ्यात, इथल्या सगळ्या गाड्यांना असतो तसा रस्ता टिपणारा कॅमेरा होता आणि त्याचा तांबडा दिवा लुकलुकत होता. म्हणजे तो अजून लिहीत होता: भिंत, खांब, खांबावरचा आकडा. त्याच्या पोटात नखाएवढं कार्ड होतं. त्या कार्डात बांध होता, वारा होता, आणि ते निळं जे काय होतं ते होतं. रुईछिनने नखाने कार्ड दाबलं आणि सरळ उपटून काढलं. दिवा दोनदा लुकलुकून विझला. कार्ड गरम लागलं. मुठीत धरल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते, आणि मघाच्या आवाजापेक्षा क्षणभर याचीच तिला जास्त लाज वाटली. कारण असं करू नका, हे एकच वाक्य जगाला सांगण्यावर तिचं पोट चाललं होतं.

तिची कंपनी कार्ड वाचणाऱ्या चिप बनवायची, आणि त्या चिप लिनक्स या संगणकप्रणालीवर चालाव्यात म्हणून लागणारा कोड गेली अठरा वर्षं रुईछिन सांभाळत होती. लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही, त्याचा कोड चव्हाट्यावर असतो, त्यामुळे तक्रार करायलाही कुणाची परवानगी लागत नाही. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तिला लिहायची. चालू संगणकात कार्ड घातलं, पकडत नाही. काल पकडत होतं, आज पकडत नाही. माझ्या लग्नाचे फोटो आहेत हो त्यात. आणि ती प्रत्येकाला न कंटाळता उत्तर द्यायची: चालू यंत्रात घालता येतं, चालू यंत्रातून काढताही येतं, पण दिवा लुकलुकत असताना उपटू नका, आधी उतरवा, मग काढा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते असं. त्या लोकांना ती मनातून थोडी हसायचीही. कसली घाई असते यांना, असं तिला वाटायचं. घाई कसली असते ते तिला आज कळलं.

गाडीतून उतरून तिने उजवी बाजू पाहिली. दारावर बोटभर लांब ओरखडा होता. तो कालचा होता की आजचा, हे तिला आठवेना. स्वतःच्या गाडीच्या अंगावरचे ओरखडे ज्या बाईला पाठ नाहीत ती दुसऱ्याच्या यंत्रातल्या चुका शोधते, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि ओरखड्यावरून बोट फिरवायचा तिला धीर झाला नाही. नवऱ्याला फोन करावा असं एकदा वाटलं. नवरा समुद्रापलीकडे खुनशानच्या कारखान्यात होता आणि रविवारी फोन करायचा. आज मंगळवार होता. मंगळवारी फोन केला तर तो पहिल्यांदा विचारणार, काय झालं? आणि काय झालं हेच तर तिला माहीत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या चाचणीच्या खोलीत चाळीस संगणक मांडणीवर ओळीने बसलेले होते, आणि छोटे लोखंडी हात त्यांत कार्डं घालत होते, काढत होते, टिक्-टिक्. खोली पंगच्या ताब्यात. पंग पंचेचाळिशीचा, ढेरपोट्या, तोंडाचा फटकळ. चाचण्या तो घ्यायचा आणि सापडलेले दोष रुईछिनच्या गळ्यात घालायचा. मांडणीच्या डोक्यावर त्याने खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असायचं, म्हणजे यंत्रं शहाण्या बाळासारखी वागतात. हिरवंच हवं, पिवळं ठेवलं तर बिथरतात, आणि तारीख उलटून गेली तर विचारूच नका. अभियंते लोक, पण या बाबतीत कुणाची हसायची छाती नव्हती.

"फानताई, चेहरा असा का? वाऱ्यानं अर्धा उडवून नेला की काय?" पंग म्हणाला.

"गिऱ्हाइकाचं कार्ड आलंय," ती म्हणाली. "उपटलेलं."

"कोण हा महाभाग?"

"आहे एक."

तिने ते कार्ड मोठ्या कार्डाच्या आकाराच्या खोबणीत बसवलं, खोबणीच्या कडेचं इवलंसं कुलूप सरकवून बंद केलं. ही तिची जुनी सवय. दुसऱ्याच्या कार्डावर आपल्या हातून चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून. मग कोपऱ्यातल्या आपल्या संगणकात ते घातलं आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही. दुसऱ्या खाचेत घातलं. खोडरबराने पाठीवरच्या पितळी पट्ट्या घासल्या, फुंकर मारली, पुन्हा घातलं. मग संगणकाची रोजनिशी उघडली. लिनक्सचा गाभा स्वतःशी सतत बडबडत असतो, काय जोडलं, काय तुटलं, सगळं लिहून ठेवतो. ती रोजनिशी वाचणं हेच तिचं खरं शिक्षण. शेवटची ओळ होती: कार्ड सुरू करताना चूक, उणे ११०.

हा आकडा तिने हजारो वेळा पाहिला होता. त्याचा अर्थ साधा. गाभ्याने कार्डाला हाक मारली, ठरलेला वेळ थांबला, कार्डाने ओ दिली नाही. पण एकशे दहा हा इथल्या पोलिसांचाही नंबर. फिरवायचा आणि सांगायचं. अठरा वर्षांत हे दोन आकडे तिच्या डोक्यात कधी शेजारी आले नव्हते. एक पडद्यावरचा होता, एक फोनवरचा. आज ते एकमेकांना चिकटले आणि सुटेनात. तिने पुन्हा कार्ड घातलं. उणे ११०. पुन्हा. उणे ११०. चोराच्या मनात चांदणं, असं ती स्वतःला म्हणाली, पण चोराला निदान आपण काय चोरलं हे ठाऊक असतं.

कार्ड उघडावं असं तिला वाटत होतं का? तिने प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. उघडलं आणि त्यात ताडपत्री निघाली, तर ती आज संध्याकाळी घरी जाऊन जेवणार होती. उघडलं आणि त्यात माणूस निघाला, तर तो माणूस सकाळपासून तिथे पडला होता आणि ती इथे खोडरबर घासत बसली होती. न उघडलं तर दोन्ही एकाच वेळी खरं राहणार होतं, आणि तसं किती दिवस जगता येतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

तिचे वडील, आबा, बस चालवायचे. ती आठ वर्षांची असताना चहाच्या मळ्यांच्या उतारावर पावसात एक माणूस त्यांच्या बसच्या आडवा आला आणि बसचा धक्का लागून पडला. आबा थांबले. उतरले, त्याला पाठीवर घेतला आणि बसमधल्या माणसांना तिथेच सोडून चालत दवाखान्यात नेला. मग चौकशा झाल्या, जबाब झाले, गाडी हातची गेली ती गेलीच. पुढची वीस वर्षं आबांनी त्याच डेपोत दुसऱ्यांच्या बसगाड्या धुतल्या. आईचं एकच पालुपद होतं, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना: थांबला म्हणून अडकला. मागची बस थांबली होती का? तिच्या ड्रायव्हरचं घर बघ. नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी आबा संत्र्यांची पेटी घेऊन त्या माणसाकडे जायचे आणि रुईछिनला बरोबर न्यायचे. त्या माणसाचा एक पाय वाळलेला होता. तो तिला जवळ बसवून भोपळ्याच्या बिया द्यायचा, सोलून द्यायचा, आणि ती त्या पायाकडे पाहायचं नाही असं ठरवून त्याच्याचकडे पाहत राहायची. परतताना बसमध्ये तिला हमखास उलटी व्हायची. आबांना तिचं काय होतंय ते कधीच कळलं नाही. ते दुपारी धुतलेल्या बसच्या मागच्या बाकावर आ वासून घोरत असायचे, अगदी निर्धास्त. आईला मात्र दाराबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तरी झोप लागायची नाही. रुईछिनने रंग आबांचा घेतला, नाक आबांचं घेतलं, आणि झोप आईची घेतली. बांधावर पाय ब्रेककडे गेला नाही तो पाय कुणाचा, हेही तिला आता समजल्यासारखं झालं.

साडेनऊला पंगचा फोन वाजला. तो आधी हसत बोलला, मग उभा राहून बोलला, मग खिडकीशी गेला. यंत्रांच्या टिकटिकीत तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण त्याची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून तिला सगळं कळलं. म्हणजे कळलं असं तिला वाटलं.

"मामाला उडवलं कुणीतरी," पंग परत येऊन म्हणाला. "बांधावर. सायकलवर होता. म्हाताऱ्याला दहा वेळा सांगितलं, चौऱ्याहत्तरीला नदीत रताळी कसली लावतोस? रताळ्याचा पाला आणायला गेला होता."

"कधी?"

"सकाळी. हातातलं घड्याळ फुटून थांबलंय म्हणतात, सात-चाळीसला. गाडी थांबलीसुद्धा नाही. माझी बायको दवाखान्यात गेलीय. डोक्याला लागलंय, आणि बोलत नाहीये म्हणे."

"बोलत नाही म्हणजे?"

"म्हणजे बोलत नाही. नुसता बघतोय." पंग खाली बसला. "त्याच्या अंगावर जर्किन आहे ना निळं, ते मीच घेऊन दिलेलं. लांबून दिसावं म्हणून."

काहीतरी बोलायला हवं होतं आणि रुईछिन ते बोललीही. दवाखान्यात जा, असं ती म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखा निघाला याची तिला भीती वाटली. पंग म्हणाला, तिथे गर्दी करून काय करू, बायको कळवेल. मग तो आपल्या मांडणीकडे वळला आणि एक लोखंडी हात उगाच घट्ट करू लागला. तो मान खाली घालून काम करत होता, हाताच्या अंतरावर, आणि दर दोन मिनिटांनी फोन उलटून पाहत होता. बांधावरून सात-चाळीसला किती गाड्या जातात? शंभर जात असतील. तिच्या गाडीसारख्या पांढऱ्या किती? निळं काय काय असतं? तिने मोजायला सुरुवात केली आणि मोजणं हे रडण्यासारखंच आहे असं तिच्या लक्षात आलं, नुसता आवाज नाही एवढंच. मी बांधावरून आले, एवढं एक वाक्य तिला म्हणता आलं असतं. त्यात गुन्हा नव्हता. पण त्या वाक्याच्या पुढचं वाक्य पंगने विचारलं असतं.

म्हणून तिने कामात डोकं घातलं. इतर वेळी हाच तिचा आधार होता. उपटलेलं कार्ड कधी कधी मेलेलं नसतं, भांबावलेलं असतं. लिहिता लिहिता वीज गेली, आता त्याला अजून आपण वेगातच आहोत असं वाटतंय, आणि गाभा त्याला हळू आवाजात हाक मारतोय. दोघांचं जुळत नाही. उपाय तिला माहीत होता, तो तिनेच लिहिला होता. खाचेची वीज पूर्ण तोडायची. वाचणाऱ्या चिपलाच यंत्रातून नाहीसं करायचं, जणू ती कधी नव्हतीच. मग यंत्राला म्हणायचं, पुन्हा एकदा सगळं चाचपडून बघ. आणि वेगाची अट काढून टाकायची, सगळ्यात संथ गतीने बोलायचं, घाबरलेल्या पोराशी बोलतात तसं. तिने वीज तोडली. मनात वीस आकडे मोजले. गती उतरवली. चिपला परत बोलावलं. पाठोपाठ रोजनिशीत ओळी उमटल्या आणि उणे ११० त्यांत नव्हता. नवीन कार्ड, असं लिहिलं होतं. त्याखाली कार्डाचं माप आणि नंबर.

मग ते टांगायचं. कार्ड पकडलं गेलं की ते संगणकाच्या फायलींच्या झाडाला टांगतात, तेव्हा कुठे वाचता येतं. इथली माणसं त्याला ग्वा म्हणतात, टांगणं. ग्वा-ल, टांगलं. आता जिभेला हाड नसतं, त्यामुळे यंत्र बंद पडलं तरी ग्वा-ल, फोनची बॅटरी संपली तरी ग्वा-ल, आणि माणूस गेला तरी, बोलणारा फटकळ असेल तर, ग्वा-ल. शब्द एक, कामं छप्पन. त्या खोलीत दिवसातून शंभर वेळा तो ऐकू यायचा आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. तिने कार्ड टांगलं. फायलींची यादी पडद्यावर आली. कॅमेरा दर तीन मिनिटांची एक फाईल करायचा आणि वेळ हेच तिचं नाव असायचं. सात-पस्तीस. सात-अडतीस. सात-एक्केचाळीस. अशी यादी खाली जात होती; तळाची शेवटची अर्धवट होती, ती भिंतीची आणि खांबाची असणार.

सात-अडतीसच्या ओळीवर तिने बोट नेलं. एक दाबलं की झालं. बांध दिसेल, वारा ऐकू येईल. तिला वाटलं, आपण आत्ता आहोत तेवढ्या निर्दोष पुन्हा कधीच असणार नाही. आणि लगेच वाटलं, निर्दोष? निर्दोष माणसाचं बोट असं हवेत राहतं का? आबांनी दाबलं असतं. आबांनी मुळात कॅमेऱ्याला विचारलंच नसतं, ते मागे वळून गेले असते. तिने एक श्वास घेतला, आता दाबायचंच असं ठरवलं, आणि त्याच वेळी पंगचा फोन टेबलावर थरथरला.

पंगने तो उचलून पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"ग्वा-ल," तो म्हणाला. फोन खिशात टाकला. "चला. खाली जाऊन एक सिगरेट ओढून येतो."

दार मिटलं. चाळीस लोखंडी हात आपापली कार्डं घालत होते, काढत होते. स्वतःच्या मामाबद्दल, निळं जर्किन घेऊन दिलेल्या मामाबद्दल कुणी असं दोन अक्षरांत बोलेल का, हे रुईछिनला सुचलंच नाही. पंग फटकळ आहे, एवढंच सुचलं. रडू आलं की हा माणूस विनोद करतो. मामा गेला. सात-चाळीसला सायकलवर होता, आता नाही. तिची बोटं मात्र चालू लागली, स्वच्छ, न चुकता, अठरा वर्षांच्या सवयीने. तिने कार्ड उतरवलं. उतरलं याची खात्री केली. मग ते काढलं, अगदी नियमात बसेल असं, आणि कडेचं कुलूप उघडून पुन्हा आत सारलं. कार्डालाच सांगता येतं की तुझ्यात आहे तेवढं सगळं विसर. नुसतं पुसलेलं परत आणता येतं, तिने लोकांची लग्नं परत आणून दिली होती; पण कार्डाने स्वतः विसरलेलं कुणालाच आणता येत नाही, तिलाही नाही. त्या हुकमाचा कोडही तिचाच होता. यंत्राने विचारलं, नक्की ना? तिने हो म्हटलं. अडीच सेकंद लागले.

आपण काय केलं याचा विचार मनात येत नव्हता, फक्त आईचा आवाज येत होता, भाजी चिरतानाचा. मोकळं वाटलं का? वाटलं. अर्धं मिनिट खरोखर मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणाची तिला पुढे आयुष्यभर किळस येणार होती.

पंग दोन डबे थंड कॉफी घेऊन वर आला आणि एक तिच्यापुढे ठेवला.

"त्रेसष्ट," तो म्हणाला.

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"नंबर हो. त्रेसष्टावा लागलाय आणि आत सातवा चाललाय. संध्याकाळ करणार हा डॉक्टर."

"कसला नंबर?"

"हाडांच्या डॉक्टरचा. मघाशी नाही का सांगितलं, नाव नोंदवलं म्हणून? ग्वा-ल म्हटलं की तुम्हाला." पंगने डबा फोडला. "डोक्याचं तपासलं, काही नाही. मनगट मोडलंय. आणि बोलत का नव्हता माहितीय? कवळी पडली गटारात! आता मिळालीय, तर नर्सला शिव्या घालतोय. दवाखाना डोक्यावर घेतलाय म्हाताऱ्यानं."

दवाखान्यात नाव नोंदवलं तरी ग्वा-ल. नंबर टांगला. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच? आबांच्या शेवटच्या दोन वर्षांत दर मंगळवारी पहाटे तीच रांगेत उभी राहायची आणि भावाला हीच दोन अक्षरं पाठवायची. शेकडो वेळा पाठवली होती. भाऊ एकदाही दचकला नव्हता. मामा जिवंत आहे हे ऐकून तिला आनंद झाला, अगदी खरा, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि पंगला ते पाणी दिसलं. "अहो ताई, तुम्ही कुठे रडताय, मी नाही रडलो," असं तो म्हणाला आणि स्वतःच नाक ओढलं. आणि मग त्या आनंदाच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं. ती ताडपत्री होती का, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. ती निर्दोष असेल तर तो पुरावा तिने जाळला होता, आणि दोषी असेल तर आता तिला कबूलसुद्धा करता येणार नव्हतं. कशाची कबुली देणार? बांधावर गेले, धप् झालं, पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं साधन मी स्वतःच्या हाताने विसरायला लावलं. हे कोण ऐकून घेईल? शेजारी कॉफी पिणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? हात दाखवून अवलक्षण करून घेतात, पण तिने हातच कापून दिला होता.

"पण त्याला सोडणार नाही आम्ही," पंग म्हणाला. "गाडीवाल्याला. मनगट गेलं त्याचं काही नाही, पण थांबायला नको? म्हातारा अर्धा तास पडला होता गटारात. बांधावर कॅमेरा नाही, मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांत असतातच की. मामेभाऊ सकाळपासून हिंडतोय, बाजारात, देवळात, भाजीवाल्यांत. लोक चांगले हो, काढून देतायत कार्डं."

"माझंही आहे," असं तिच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, मीही तिकडूनच येते."

"तेच म्हणणार होतो. द्या की."

"आज पकडलं नाही."

"तुमचं? आणि पकडलं नाही?" पंग पोट धरून हसला. "सांगू का सगळ्यांना?"

दुपारी मामेभाऊ फाटकापाशी येऊन काहीतरी देऊन गेला. पंग ते घेऊन वर आला. घरात सापडलं ते उचललं असणार, नव्या वर्षाला पोरांना पैसे देतात तसलं तांबडं पाकीट होतं, आणि त्यात सहा कार्डं होती. त्याने ती तिच्या टेबलावर ओतली. एकावर ट्रकवाल्याच्या हाताचं ग्रीस होतं, एकाला चिकटपट्टी लावून त्यावर मालकाचं आडनाव लिहिलं होतं.

"पोलिसांकडे उद्या देऊ. आधी आपण बघून घेऊ," पंग म्हणाला. "सगळ्यांनी घाईघाईत दिवा चालू असताना उपटलीत, मामेभावाच्या संगणकात एकही पकडत नाहीये. तो म्हणाला, आता कोण उघडणार? म्हटलं, आमच्या फानताई बसल्यात ना. त्यांना जगातलं कुठलं कार्ड ओ देत नाही?"

रुईछिनने वरचं कार्ड उचललं. पकडू नकोस, असं ती त्याला मनातल्या मनात म्हणाली. अठरा वर्षांत कुठल्याही कार्डाला ती असं म्हणाली नव्हती. तिने ते आत सारलं. वीज तोडावी लागली नाही, गती उतरवावी लागली नाही. पहिल्याच हाकेला रोजनिशीत ओळ उमटली: नवीन कार्ड. बांधावरचा रस्ता पडद्यावर उघडला, गवत एका बाजूला झोपलेलं, आणि पुढे, बरंच पुढे, एक पांढरी गाडी.

पंगने खुर्ची तिच्या खुर्चीला लागेल इतकी जवळ ओढली, कॉफीचा डबा गुडघ्यांत धरला आणि म्हणाला, "सात-चाळीसपासून लावा."